तिरप्या उन्हातला सह्याद्री

मोशी, चाकण, भोसरी या पट्ट्यात डोंगरभटकंतीची हौस किती वाढली आहे, हे रविवारी पहाटे नाशिक रस्त्याला उभं राहिलं की कळतं. पाठीला सॅक, खिशात मोबाइल, एखाद्याच्या गळ्यात चांगला कॅमेरासुद्धा. हौसेबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की या सगळ्या कॅमेऱ्यांतून बाहेर पडणारा सह्याद्री बारा महिन्यांतल्या एकाच महिन्याचा असतो, जुलैचा. हिरवा उतार, पांढरं धुकं, कडेला धबधबा, पुढ्यात रेनकोट घातलेली मंडळी. डोंगर त्यात शोधावा लागतो. माझं म्हणणं साधं आहे: सह्याद्रीचा फोटो मार्च ते मे या दिवसांत काढावा, आणि सूर्य खाली, बाजूला असताना काढावा. हे पुढच्या काही मिनिटांत दोन-तीनदा ऐकावं लागेल, आधीच माफी मागून ठेवतो.

आपला डोंगर कसा घडला ते तुम्हांला ठाऊक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आडवे थर एकावर एक बसले. टणक थराचा कडा उभा राहिला, मऊ थर झिजून उतार झाला. सह्याद्रीचं रूप म्हणजे या पायऱ्या. आता त्या पायऱ्या फोटोत दिसायच्या कशा? इथल्या श्रोत्यांना हे पत्र्यावरून पटेल. गाडीचा दरवाजा रंगून लाइनवर येतो, तेव्हा तपासणारा माणूस त्यावर समोरून उजेड टाकत नाही. ट्यूब बाजूला धरतो, मान वाकडी करतो आणि पत्र्यावरून नजर फिरवतो. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या पत्र्यावर बाजूच्या उजेडात बोटालाही न लागणारा पोचा सावली टाकतो आणि सापडतो. डोंगराचं तसंच आहे. ढगाळ आकाश म्हणजे चारी बाजूंनी सारख्या लावलेल्या ट्यूबा, उजेड भरपूर पण पोचा कुठंच नाही. ‘सूर्य पाठीशी ठेवा’ हा जुना सल्ला म्हणजे समोरून टाकलेला उजेड. लग्नाच्या ग्रुप फोटोला तो ठीक, कड्याला नाही. आणि पावसाळी गवत? ते तर पॅनलवरचं कव्हर न काढताच केलेली तपासणी. असा माल कुठला क्वालिटीवाला पास करेल?

बाजूचं ऊन हिवाळ्यातही मिळतं, मग मार्च ते मेचाच आग्रह का, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आकाशात आहे. २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. हिवाळ्यात तो दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजे किल्ल्याच्या उत्तरेकडच्या उभ्या भिंतीला हिवाळाभर थेट ऊन लागतच नाही. ते लागतं मार्च ते सप्टेंबर या सहा महिन्यांत, सकाळी आणि संध्याकाळी. त्यातले जूनपासूनचे महिने पाऊस आणि ढग घेऊन जातात. उरलं काय? मार्चचा शेवट, एप्रिल, मे. नेमकं तेव्हा गवत वाळून किंवा झडून खडक उघडा पडलेला असतो.

उदाहरण आपल्याच रस्त्यावरचं आहे. चाकण, नारायणगाव, जुन्नर करत नाणेघाटावर जा. तिथून दक्षिणेला जीवधन किल्ला दिसतो, म्हणजे तुमच्याकडे त्याची उत्तरेची बाजू असते, आणि शेजारी साडेतीनशे-चारशे फुटी वानरलिंगीचा सुळका. जानेवारीत ही बाजू काळपट, सपाट. एप्रिलअखेरीस संध्याकाळी साडेपाचनंतर ऊन त्या कातळाला घासत जातं. प्रत्येक थराखाली सावलीची एक रेघ उमटते, आणि सुळका मागच्या कड्यापासून सुटा होऊन उभा राहतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. पहाटे उठून त्याचा फोटो काढणाऱ्यांना सावलीच मिळते, त्याची वेळ दुपारनंतरची. डोंगराचं तोंड कुठं हे आधी पाहा, मग गजर लावा.

आक्षेप आहेत. पहिला, उन्हाळ्यात हवा धुरकट असते. खरं आहे, दूरच्या रांगा पुसट होतात. म्हणून जवळचा कडा घ्या. आणि दूरचंच हवं असेल तर सूर्याच्या दिशेनं पाहा, तोच धूर एकामागच्या एका रांगेला फिकट करत नेतो. दुसरा, ऊन सोसत नाही. पण मी बाराचं ऊन सांगतच नाही. पाणी मात्र घरून न्या, गडावरची टाकी आटलेली असतात. आणि वाळल्या गवतात काडी पेटवू नका, वणवा तेवढ्यानं लागतो. तिसरा आक्षेप, आमच्याकडे साधा मोबाइल आहे. छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सनं १९२७ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या हाफ डोम या कातळाचं जगप्रसिद्ध छायाचित्र घेतलं, तेव्हा त्याच्याजवळ फोटो घ्यायच्या शेवटच्या दोनच काचा उरल्या होत्या. कडा सावलीत होता, तेव्हा ऊन कड्यावर येईपर्यंत तो थांबला. मोबाइलवाल्यालाही थांबता येतं! फक्त एक लक्षात ठेवा, मोबाइल आपणहून सावल्या उजळतो, म्हणजे हातात आलेला पोचा परत बुजवतो. पडद्यावर उजेडाच्या भागाला बोट लावा, सूर्याचं चिन्ह आलं की ते खाली ओढा. सावली काळी राहू द्या, तिला घाबरू नका.

चांदण्यातल्या कड्यांबद्दल बोलायचं होतं, कारवीच्या वाळक्या काड्यांबद्दलही, पण समोरचा काटा काही थांबत नाही. तेव्हा पुन्हा एकदा: ऊन बाजूनं, सूर्य खाली, महिना एप्रिल. एक शनिवार मोकळा ठेवा, दुपारी निघा, पाचच्या आत नाणेघाटावर पोचा. पडद्याकडे बघत मागं सरकू नका, मागं कडा आहे. आणि अंधार पडायच्या आत काठ सोडा.