अप्सरा: पुलावरून दिसणारी गोष्ट

मी विचुंब्यात राहतो, ऑफिस मुंबईत. सकाळची लोकल वाशीच्या खाडीपुलावर आली की डाव्या हाताला ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र. आजची गोष्ट तिथलीच.

मागच्या वर्षी एका इंटरव्ह्यूत मला विचारलं, "प्रोजेक्टमधल्या लायब्ररी तर सगळ्या दुसऱ्यांच्या. यात तुझं काय?" मी गप्प. नोकरी गेली हातातून, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

आता मागे जाऊ. 1938च्या अखेरीस बर्लिनमध्ये हान आणि स्ट्रासमान यांच्या प्रयोगात युरेनियमचा अणू फुटला. तो फुटलाय, हे समजावून सांगितलं लिझे माइटनर आणि त्यांचा भाचा ऑटो फ्रिश यांनी. एक न्यूट्रॉन आत जातो, अणूचे दोन तुकडे होतात आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते पुढचे अणू फोडतात. आपल्या भाषेत, न थांबणारं रिकर्शन! मोकळं सोडलं तर बॉम्ब, लगाम घातला तर अणुभट्टी.

मार्च 1944. हिरोशिमा अजून घडायचं होतं. तेव्हाच होमी भाभांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. मुद्दा साधा: उद्या अणूपासून वीज बनेल, तेव्हा तज्ज्ञ शोधायला परदेशात जावं लागू नये. माणसं आत्तापासून घडवू. त्यातून 1945 मध्ये टीआयएफआर उभी राहिली.

आणि 4 ऑगस्ट 1956 ला ट्रॉम्बेत 'अप्सरा' सुरू झाली. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली पहिली अणुभट्टी. चक्क पाण्याचा हौद! तेच पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करतं, गाभा थंड ठेवतं आणि किरणोत्सार अडवतं. न्यूट्रॉन शोषणाऱ्या कांड्या खाली-वर करून साखळी ताब्यात ठेवायची. पाण्यात निळा उजेड दिसतो, नाव दिलं नेहरूंनी.

पण इंधन? ते ब्रिटनहून आलेलं. मग आपलं काय होतं? भट्टीचं डिझाइन, बांधणी, आणि ती चालवताना शिकलेली माणसं. ही अप्सरा 2009 मध्ये बंद झाली आणि 2018 मध्ये तिच्या जागी नवी 'अप्सरा-यू' आली. शिकलेलं वाया गेलं नाही.

त्या इंटरव्ह्यूचं उत्तर मला असं उशिरा सापडलं. उसनं काय घेतलं ते लपवायचं नाही. पण ते आत कसं चालतं आणि बिघडलं तर कुठे थांबवायचं, हे मला कळतं का? कळत असेल, तर तेवढं माझं.

उद्या लोकलमध्ये असाल तर पुलावर मोबाइलमधून मान वर करा. भेटूच!