टाइम टेबल आणि पहिले महायुद्ध
(शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मी मॅट्रिक झालेला माणूस, इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. परंतु मागच्या अभ्यासवर्गात एका तरुण गेटमनने मला विचारले होते की, १९१४ साली युरोपात कामगारांच्या एवढ्या बलाढ्य संघटना होत्या, मग त्यांनी युद्ध का अडवले नाही? त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर जे वाचले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

दोन तट कसे पडले ते आधी थोडक्यात सांगतो. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांचा करार १८८२ चा. त्याला उत्तर म्हणून १८९४ पर्यंत फ्रान्स आणि रशिया यांची युती झाली. पुढे इंग्लंडने १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी समझोता केला. हे समझोते कशाचे होते? इजिप्तवर इंग्लंडचा वरचष्मा आणि मोरोक्कोवर फ्रान्सचा, अशी ती वाटणी होती. इजिप्तच्या आणि मोरोक्कोच्या माणसांना अर्थातच कोणी विचारले नाही. मैत्री किती पक्की होती याचा नमुना म्हणजे इटली. ती ऐन वेळी बाजूला राहिली आणि १९१५ मध्ये चक्क समोरच्या पक्षाकडून लढाईत उतरली.

२८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि बरोबर एक महिन्याने ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारले. एवढ्यावर ते दोन देशांचे भांडण राहू शकले असते. पण आता रशियाने सैन्य जमवण्याचा हुकूम काढला, आणि इथून पुढची गोष्ट आपल्या खात्याची आहे.

जर्मनीच्या सेनापतींचा हिशेब असा होता की, रशियाचे अंतर लांब, रेल्वे तोकडी, त्याचे सैन्य यायला वेळ लागणार. तेवढ्यात बेल्जियममधून जाऊन फ्रान्सचा निकाल लावायचा आणि मग फौजा पूर्वेकडे न्यायच्या. हे सारे टाइम टेबलवर बेतलेले. आपल्याकडे चार मेळा स्पेशल चालवायच्या तर कंट्रोलची काय तारांबळ उडते ते आपण जाणतो. तिथे सुमारे ११ हजार गाड्यांतून ३० लाखांवर माणसे हलवली गेली. कोलोन शहरी ऱ्हाइन नदीच्या एकाच पुलावरून २ ते १८ ऑगस्टपर्यंत ५४ डब्यांच्या २,१५० गाड्या गेल्या, म्हणजे जवळजवळ दर दहा मिनिटांना एक. काम म्हणून पाहिले तर थक्क व्हायला होते. त्या केबिनांतून आणि इंजिनांवर आपल्यासारखीच माणसे होती.

१ ऑगस्टच्या संध्याकाळी एक प्रसंग घडला. इंग्लंड बाजूला राहील आणि फ्रान्सही थांबेल, अशी आशा दाखवणारी तार लंडनहून आली. कैसर खूष झाला आणि सरसेनापती मोल्टके यांना म्हणाला, सगळे सैन्य पूर्वेकडे वळवा. मोल्टके म्हणाले, आता काही बदलता येणार नाही, वर्षभर खपून केलेली आखणी आहे, सैन्याचा नुसता जमाव होईल. काही तासांतच ती आशा खोटी ठरली. परंतु सैन्याच्या रेल्वे विभागाचे प्रमुख ग्रोनर यांनी युद्धानंतर ठासून सांगितले की, गाड्या वळवता आल्या असत्या. मला या रेल्वेवाल्याचे म्हणणे पटते. टाइम टेबल माणसेच बनवतात. ‘गाडी सुटली, आता इलाज नाही’ असे वरून सांगितले जाते तेव्हा पुष्कळदा कोणाला गाडी थांबवायचीच नसते.

आता गेटमनच्या प्रश्नाकडे येतो. ठराव झाले नव्हते असे नाही. १९०७ मध्ये स्टुटगार्टला आणि १९१२ मध्ये बाझेलला सर्व देशांच्या समाजवादी पक्षांनी युद्धाविरुद्ध ठराव केले. फ्रान्सचे जाँ जोरेस अखेरच्या दिवसापर्यंत शांततेसाठी झटले. ३१ जुलैच्या रात्री पॅरिसच्या एका कॅफेत जेवताना त्यांना गोळी घालून ठार केले. ४ ऑगस्टला त्यांच्या अंत्ययात्रेत फ्रान्सच्या कामगार महासंघाचे चिटणीस झूओ यांनीच युद्धाला पाठिंबा देणारे भाषण केले. त्याच दिवशी बर्लिनच्या संसदेत सोशल डेमोक्रॅट पक्षाने युद्धकर्जाच्या बाजूने मते दिली. डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा मतदान झाले तेव्हा विरोधात एकच मत पडले, कार्ल लीब्क्नेख्त यांचे.

याला नुसती गद्दारी म्हणणे सोपे आहे, पण मी तसे म्हणणार नाही. १९१० मध्ये फ्रान्सच्या रेल्वे कामगारांनी संप केला तेव्हा पंतप्रधान ब्रियाँ यांनी त्यांना लष्करी हुकमाखाली घेऊन संप मोडला. हेच ब्रियाँ पूर्वी सार्वत्रिक संपाचा प्रचार करीत असत! ज्यांच्या घरात १९७४ चा संप झाला त्यांना ही भीती समजावून सांगायला नको. शिवाय जर्मन कामगाराला वाटत होते की झारचे सैन्य घरात घुसेल, आणि फ्रेंच कामगाराला वाटत होते की कैसरचे. ठराव एकत्र झाला होता, पण तो अंमलात कसा आणायचा, कोणत्या दिवशी कोणी चाक थांबवायचे, हे ठरलेच नव्हते.

चाक थांबले ते पुढे, १९१७ च्या मार्चमध्ये. झारची खास गाडी राजधानीकडे निघाली होती. पुढची लाइन क्रांतिकारकांच्या ताब्यात असल्याचे कळल्यामुळे मालाया विशेरा स्टेशनावरून ती मागे वळवावी लागली. गाडी प्स्कोव्हला गेली आणि तिथे डब्यातच त्याने राजत्यागाच्या कागदावर सही केली. ११ नोव्हेंबर १९१८ चा युद्धबंदीचा करारही काँपिएन्याच्या जंगलात रेल्वेच्या डब्यातच झाला.

आपल्या देशाला तर कोणी विचारलेही नव्हते. तरी १३ लाखांच्या आसपास माणसे इथून समुद्रापार गेली, सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. मराठा पलटणीचे लोक मेसोपोटेमियात कुत येथे वेढ्यात सापडले आणि एप्रिल १९१६ मध्ये कैद झाले. आपल्या रेल्वेचे रूळ, इंजिने, डबे तिकडे पाठवले गेले, काही लाइनी त्यासाठी उखडल्या गेल्या. वर्कशॉपांतून तोफगोळे तयार झाले.

युद्धानंतर १९१९ च्या तहातून आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली. तिच्या परिषदेला हिंदुस्थानच्या कामगारांचा प्रतिनिधी सरकारने परस्पर नेमू नये, हे ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत देशातील पहिली मध्यवर्ती कामगार संघटना उभी राहण्याचे एक मोठे कारण होते. लाला लजपत राय अध्यक्ष होते.

चहा आल्याची खूण होते आहे. प्रश्न त्यानंतर घेऊ. तो गेटमन आज ड्यूटीवर आहे, त्याला मी गेटवर जाऊन भेटणार आहे.