नांगराची निशाणी आणि अंगठ्याचा ठसा

मंचराहून भीमाशंकराकडे जाणारा रस्ता घोडेगांव ओलांडून शिनोलीस येतो. पश्चिमेच्या डोंगरांतील कुटुंबें हिरडा वेंचून विकतात. खालचा शेतकरी आपल्या पिकाची वाट पाहतो. दोघांच्याहि हातीं रोकड येते ती वर्षांतील थोडेच दिवस. ती राखावी कशी, हा ह्या मुलखांतील जुना प्रश्न आहे.

1875 सालच्या मे महिन्यांत सुपें येथें शेतकरी उठले आणि पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत दंगे पसरले. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून त्यांनीं जाळले. ज्या कागदावर नांगराची निशाणी केली त्यांत काय लिहिलें आहे, हें निरक्षर कुणब्यास ठाऊक नसे. 1879 च्या कायद्यानें पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या जिल्ह्यांतील ऋणकोस पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. परंतु ज्यास अक्षर येत नाहीं त्याच्या हातीं पासबुक म्हणजे आंधळ्यापुढें आरसा!

1904 सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. 1917 सालीं पुणें जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. तथापि 1951-52 च्या पाहणींत देशांतील शेतकऱ्यांच्या कर्जांपैकीं शेंकडा सुमारें 3 च सहकारी संस्थांचें आढळलें.

पुढें 2014 सालीं जनधन योजनेनें घरोघरीं खातीं उघडलीं, आणि 2020 सालीं वित्तीय शिक्षणाचें पांच वर्षांचें राष्ट्रीय धोरण जाहीर झालें. असा पाठ मुंबईहून खेड्यांत उतरतो तो बँकेच्या मेळाव्यांतून, शाळेंतून आणि बचतगटांतून. ह्यांत बचतगटाची वाट अधिक भरंवशाची होय. मेळाव्यांतील पत्रक घरीं जाऊन कोनाड्यांत पडतें. गटांत मात्र दरमहा आपलाच पैसा सर्वांसमक्ष मोजावा लागतो, आणि व्याज म्हणजे काय हें बाई स्वतः आकारून शिकते.

आज नांगराच्या निशाणीच्या जागीं बँकमित्राच्या यंत्रावर अंगठा टेकतो. रक्कम किती, हें ठसा देण्यापूर्वीं मोठ्यानें वाचून घ्यावें, पावती मागावी, आणि दूरध्वनीवर आलेला गुप्त आंकडा कोणासहि सांगूं नये. फसवणूक झालीच तर तत्काळ 1930 ह्या क्रमांकावर कळवावें.

शहरांतील सुशिक्षित घरांतहि असा अंगठा उठविणारें माणूस कामास येतें. महिन्याचा पगार देतांना त्याच्यासमोर पासबुक उघडून दहा मिनिटें बसणें, हेंहि राष्ट्रीय शिक्षणाचेंच कार्य आहे.