मणक्याला मार लागतो तेव्हा…
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



आयोजकांनी प्रत्येकाला आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडे येणाऱ्यांत मज्जारज्जूला इजा झालेले बरेच असतात. आपल्या बॅचमधला एक मित्रही त्यांच्यापैकीच. आंबे उतरवताना झाडावरून पडला, त्याला ११ वर्षं झाली. त्याला विचारूनच मी हा विषय घेतलाय. त्याची अट एकच होती, "ऐकणाऱ्यांना माझी कीव येईल असं काही बोलू नकोस."

आधी थोडी उजळणी. सर समोर बसलेत, चुकले तर कान धरतीलच! मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू मणक्यांच्या पोकळीतून खाली येतो. जाडी करंगळीएवढी, लांबी साधारण ४५ सेंटिमीटर. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या फुटतात. मेंदूचे हुकूम खाली जातात आणि अंगाची खबर वर येते, ती याच वाटेने. मोडलेलं हाड जुळतं; रज्जूतले तुटलेले तंतू पुन्हा जोडणारा उपाय अजून हाती आलेला नाही. ऑपरेशन करतात ते मणका स्थिर करायला आणि रज्जूवरचा दाब काढायला. हे आधीच नीट समजलं, तर 'पुन्हा चालेल' या एकाच आशेवर कुणी जमीन विकणार नाही.

इजा जितकी वर, तितका परिणाम मोठा. मानेत वरच्या बाजूला झाली तर श्वाससुद्धा अडतो. मानेत खाली झाली तर हातांची ताकद कमी-अधिक जाते. पाठीत झाली तर हात शाबूत राहतात, पाय जातात. रज्जू पूर्ण निकामी झालेला नसेल तर काही संवेदना, काही हालचाल परत येऊ शकते.

लोक म्हणतात, "पाय गेले बिचाऱ्याचे." पण घरच्यांना विचारा. न चालण्यापेक्षा अवघड गोष्टी वेगळ्याच असतात. लघवी लागल्याचं कळत नाही. दर चार ते सहा तासांनी नळी घालून ती काढावी लागते. तुंबली तर मूत्रपिंडं खराब होतात. शौचाची वेळ ठरवून सवय लावावी लागते. कातडीला दुखणं कळत नाही, म्हणून एकाच जागी दाब राहिला की जखम होते, ती हाडापर्यंत जाते. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलायची, खुर्चीत थोड्या थोड्या वेळाने अंग उचलायचं. गरम पाण्याच्या पिशवीने भाजलं तरी समजत नाही, तेव्हा मायेपोटीसुद्धा शेक देऊ नका.

आणखी एक लक्षात ठेवा. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असलेल्या माणसाचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. बहुतेक वेळा कारण तुंबलेली लघवी असते. त्याला लगेच बसतं करा, घट्ट कपडे सैल करा, नळी अडकली आहे का ते पाहा आणि डॉक्टर गाठा.

अपघाताच्या जागीही आपल्या हातून नुकसान होऊ शकतं. झाडावरून, विहिरीत, दहीहंडीच्या थरावरून किंवा गाडीवरून कुणी पडलं आणि मान-पाठ दुखते, हातापायाला मुंग्या येतात म्हणालं, तर त्याला बसवू नका, खांद्यावर घेऊ नका, रिक्षात कोंबू नका. मान हलू न देता तसंच झोपवून ठेवा आणि १०८ ला फोन करा.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर आपल्याला माहीत आहेत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. जिद्द त्यांचीच, पण जिद्दीच्या माणसालाही पाण्यापर्यंत पोहोचायला वाट लागते.

आपला मित्र आज इथे नाही. हा हॉल पहिल्या मजल्यावर आहे. "चौघं मिळून उचलून नेऊ" असं आपण त्याला प्रेमाने म्हणालो. तो म्हणाला, "वर नेशील गं, पण तीन तासांनी मला नळी घालायची असेल तेव्हा कुठे जाऊ? तिथल्या संडासाच्या दारातून खुर्ची जात नाही."

म्हणून माझी एक सूचना आहे. मेळाव्याचा निधी उरणार आहे असं खजिनदार म्हणाले. त्यातून तळमजल्याच्या वर्गांना उतार बांधूया. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे खुर्ची स्वतः ढकलता येते. एका स्वच्छतागृहाचं दार तीन फुटांचं करूया आणि आत धरायला दांडी लावूया. पुढचा मेळावा तळमजल्यावर घेऊया. त्याचा उपयोग आपल्या मित्राला होईल, शाळेत येऊ न शकणाऱ्या एखाद्या मुलाला होईल आणि गुडघे दुखणाऱ्या आपल्या बाईंनाही होईल. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर मोजमापं घ्यायला मी सोमवारी येते. सोबत कोण येतंय, हात वर करा.