एकट्याचं घर, कापूस आणि पसारा

पैनगंगेच्या अलीकडचं आपलं तेलंगणातलं बेला कापसाच्या पट्ट्यातलं. इथे एकट्या गड्याचं दोन खोल्यांचं घर असलं, तर दिवाळीनंतर त्यातली एक खोली कापसानंच भरते. भाव वाढेल म्हणून तो पडून राहतो. मग अंगाला खाज सुटते आणि ठिणगीची धास्ती वेगळीच. भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) हमीभावाने घेते तो ८ ते १२ टक्के ओलाव्याचा कापूस. तेव्हा आधी तो वाळवा, विका. बाकी आवरणं त्यानंतर.

फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे घरात नकोतच. त्यात तेल किंवा पाणी भरणं जिवावर बेततं. औषध संपताच डबा तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता आणि डब्याला भोकं पाडा.

जमिनीचं पट्टादार पासबुक आणि बियाण्यांच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. बियाणं उगवलं नाही, तर तक्रारीला पावतीच लागते.

राहिले कपडे. एकट्याचं कपाट म्हणजे बहुधा दोरीच! फाटके सदरे पुसायला काढा. आईची गोधडी मात्र उन्हात टाकून परत घडी घाला. ती पसाऱ्यात धरत नाहीत.