जुनी गोळी, नवे विषाणू



क्लोरोक्विनची ओळख गोंदियात कुणाला करून द्यायला नको. आशाताईच्या पिशवीत ती असते आणि इतकी कडू, की लहान पोर पहिला डोस हमखास थुंकतं. व्हायवॅक्स हिवतापाला ती आजही चालते. फाल्सिपेरमने तिला जुमानणं कधीच सोडलं. अशी स्वस्त गोळी विषाणूंवरही चालली तर कुणाला नको आहे? प्रयोगशाळेत ती चालतेही. पेशीत शिरताना अनेक विषाणूंना आम्ल वातावरण लागतं, ते आम्लच ही गोळी मारते. पंचाईत होते ती माणसात.

चिकुनगुन्याचंच घ्या. सांधे धरलेल्या रुग्णांना क्लोरोक्विन देण्याची पद्धत पडून गेली होती. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी 70 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला क्लोरोक्विन, दुसऱ्याला मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक, 24 आठवडे. दोन्ही गटांना आराम पडला, क्लोरोक्विन सरस ठरली नाही. 2014 साली हे छापून आलं. गाजावाजा झाला नाही, पण माझ्या मते त्या नकाराची किंमत मोठी आहे. तुलनेचा गट नसता तर बरं झाल्याचं सगळं श्रेय गोळीनेच खाल्लं असतं.

मग 2020 आलं, आणि त्याबरोबर कोविड. मार्चमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) आरोग्य कर्मचाऱ्यांना क्लोरोक्विनची जवळची नातलग हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेण्याची शिफारस केली. घबराटीच्या त्या दिवसांत मी कुणाला दोष देणार नाही. पण संधिवात आणि ल्युपसचे रुग्ण आपल्या रोजच्या गोळीसाठी औषधाची दुकानं पालथी घालत होते, आणि एवढं वाटप होऊनही खात्रीचं फार थोडं हाती लागलं. उत्तर आलं ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतून. 1,561 रुग्णांना गोळी, 3,155 जणांना नेहमीचे उपचार. 28 दिवसांतले मृत्यू अनुक्रमे 27 आणि 25 टक्के. फायदा नाही. प्रयोगशाळेत माकडाच्या ज्या मूत्रपिंडपेशींत औषध चाललं होतं, तिथली विषाणूची वाट वेगळी आणि माणसाच्या फुफ्फुसातली वेगळी, हेही नंतर उघड झालं. आणि रिकव्हरी चाचणीत बडी विद्यापीठंच नव्हती, साधी रुग्णालयंही होती. नावनोंदणीचा अर्ज सुटसुटीत होता. कोणाला काय द्यायचं ते डॉक्टर नव्हे, संगणक ठरवत होता.

याचा अर्थ हिवतापाच्या औषधांचा नाद सोडा असा नाही. 2014च्या ऑगस्टमध्ये लायबेरियातल्या फोया गावी इबोला केंद्रात हिवतापाचं नेहमीचं औषध संपलं, म्हणून बारा दिवस आर्टेसुनेट-अमोडियाक्विन दिलं गेलं. नेहमीचं औषध मिळालेल्यांपेक्षा त्या रुग्णांत मृत्यूचा धोका 31 टक्क्यांनी कमी दिसला! गुण नव्या गोळीचा, की अपाय नेहमीच्या गोळीचा? टंचाईने घडवलेल्या या योगायोगावरून ते सांगता येत नाही.

हे सगळं गोंदियात कशाला? कारण मुलांत मेंदूज्वर घडवणारा चंडीपुरा विषाणू 1965 साली सापडला तो आपल्या शेजारच्या नागपुरात. सकाळी तापलेलं मूल कधी कधी दुसऱ्या दिवशी हाती लागत नाही, आणि त्यावर आजही सिद्ध झालेलं औषध नाही. जपानी मेंदूज्वरावरही नाही. उद्या कुणी म्हणेल, अमुक गोळी देऊन बघू. जरूर बघू, पण दोन गट करून, नातेवाइकांना समजावून, नोंदी ठेवून. आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला माझी विनंती आहे की चाचणीचा आराखडा आणि नीतिसमितीची मंजुरी साथ यायच्या आधीच तयार ठेवा, आणि संमतिपत्र मराठीबरोबर गोंडीतही करा. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या मित्रांनो, तुम्ही रुग्ण नोंदवायला तयार राहा. पावसाळ्याच्या आत एवढं करूया.