जुन्या जीपचे पाटे

जुनी जीप विकत घेणारा मनुष्य एकाच किमतीत दोन गोष्टी घरी आणतो. एक ती गाडी आणि दुसरी म्हणजे आधीच्या मालकांनी तिच्यावर करून घेतलेली बरीवाईट कामे. गाडीची नोंद आर. सी. बुकात सापडते, या कामांची नोंद मात्र बहुधा कोठेच नसते. ती गाडीच्या अंगावरूनच वाचावी लागते. ती न वाचता जो नवी सुधारणा करावयास निघतो, त्याच्यावर कोणता प्रसंग ओढवू शकतो, हे मी नुकतेच जवळून पाहिले. म्हणून आज या विषयावर आपणांशी बोलावयाचे ठरविले आहे. मी व्यवसायाने शाळामास्तर आहे, यंत्रज्ञ नव्हे. पण पाना हातात धरण्याची हौस मला लहानपणापासून आहे.

आम्ही सुरतेस राहतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने चाळिशी ओलांडलेली एक जीप घेतली. मूळची पेट्रोलवर चालणारी, पुढे कोणी डिझेल एंजिन बसविलेली. सुदैवाने हा बदल आर. सी. बुकात नोंदलेला होता. गाडी दारात उभी राहिली त्याच दिवशी भाचा म्हणाला, "मामा, हिला चार इंच उंच करून घेऊ. पावसाळ्यात मित्रांना घेऊन डांगात जायचे आहे."

मी म्हणालो, "अरे, आणखी उंच करण्यापूर्वी ती आत्ताच किती उंच झाली आहे, ते तर पाहू."

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी निर्माण झालेली ही गाडी १९४७ साली महिंद्र कंपनीने आपल्या देशात आणली. विलीस कंपनीने १९५३ साली काढलेला सीजे-३बी हा उंच बॉनेटचा नमुना अमेरिकेत १९६८ साली बंद झाला. आपल्याकडे मात्र त्या घाटाच्या गाड्या पुढेही अनेक वर्षे बनत राहिल्या. रचना अगदी साधी. शिडीसारखी चॅसी, पुढे आणि मागे अखंड अ‍ॅक्सल आणि त्यांवर पोलादी पाट्यांच्या चार कमानी. या साधेपणामुळे कोणत्याही गावच्या कारागिराला ती दुरुस्त करता येई; आणि त्याच साधेपणामुळे कोणालाही तिच्यात मनाजोगे फेरफार करता येत.

आम्ही दोन रविवार केवळ पाहण्यात घालविले. भाच्याने वही धरली व मी गाडीखाली शिरलो. प्रथम सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांत योग्य हवा भरली आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले. पुढची उजवी बाजू डावीपेक्षा पाऊण इंच खाली होती. नंतर पाटे मोजले. मागच्या दोन्ही कमानींत एकेक पाटा इतरांहून जाड व वेगळ्या पोलादाचा दिसला. तो उघडच नंतर घातलेला होता. पुढचे शॅकल, म्हणजे कमानीचे टोक चॅसीला जोडणाऱ्या पट्ट्या, जाड पत्र्यातून गॅसने कापून केलेल्या होत्या. कारखान्यातली कड इतकी खडबडीत कधीच नसते. जुन्या विलीस घाटाच्या गाडीला इंची आट्यांचे बोल्ट असतात. त्यांत कोठे मिलिमीटरचा पाना बसू लागला, की तो भाग नंतरचा आहे, असे खुशाल समजावे. मूळची चॅसी रिव्हेटांनी जोडलेली असते. रिव्हेटाच्या जागी बोल्ट किंवा झाळकाम दिसले, तर तेथे काही तरी घडून गेले आहे.

चॅसीच्या पुढच्या बंद भागात तार घालून खरवडले, तेव्हा बारीक गाळाचा थर निघाला. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईच्या धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. त्या वेळी ही गाडी पुरात उभी असावी, असा आमचा तर्क झाला. तो गाळ धुऊन काढल्यावर तारेच्या ब्रशने रंग खरडला, आणि पुढच्या कमानीच्या आधारापाशी जुन्या झाळकामाच्या कडेला केसासारखी बारीक चीर दिसली. भाच्याने वही खाली ठेवली. चार इंच उंचीचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

श्रोतेहो, येथे एक गोष्ट विसरता कामा नये. आधीचे मालक मूर्ख नव्हते. प्रत्येक बदलामागे काही तरी कारण होते. मागचे जाड पाटे का घातले असावेत? चौकशी केली तेव्हा कळले, की ही जीप काही वर्षे व्यारा बाजूला उतारू वाहत असे. दहा-बारा माणसे मागे बसत, म्हणून पाटा वाढविला. पुढचे शॅकल का लांबविले? डिझेल एंजिन मूळच्या पेट्रोल एंजिनपेक्षा जड. त्या वजनाने पुढच्या कमानी बसल्या. नव्या कमानींचा खर्च टाळण्यासाठी शॅकल लांब करून नाक वर उचलले. रोग कमानीत होता आणि औषध शॅकलला दिले गेले. आता उतारू उतरून गेले आहेत, पण त्यांच्यासाठी घातलेला पाटा तसाच राहिला आहे. रिकामी गाडी खड्ड्यात उडते ती त्यामुळेच.

पाट्याची जाडी ही दिसते तेवढी साधी बाब नाही. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ मिलिमीटरच्या पाट्याऐवजी तेवढ्याच लांबीरुंदीचा ८ मिलिमीटरचा घातला, तर तो एकटा पाटा सव्वादोन पटींहून अधिक ताठ होतो. शॅकलचेही गणित असेच फसवे आहे. शॅकल २ इंच लांब केला, तर गाडी उठते सुमारे १ इंच. शिवाय या जीपचा शॅकल पुढच्या टोकाला असल्याने अ‍ॅक्सल पुढे झुकतो, चाकाच्या खुंटीचा मागे असलेला कल कमी होतो, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासे होते. आमची गाडी महामार्गावर डावीउजवीकडे भटकत असे, त्याचे एक कारण हे निघाले.

आता उंचीविषयी. पुष्कळांचा समज असतो, की कमानी उंच केल्या म्हणजे गाडीच्या पोटाखाली दगड लागणार नाहीत. चॅसी वर जाते हे खरे. पण अ‍ॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा फुगीर भाग, जो सर्वांत आधी दगडाला लागतो, तो तसूभरही वर जात नाही. तो वर न्यावयाचा तर टायरच मोठा हवा, आणि व्यास २ इंच वाढविला तर त्याला लाभतो १ इंच. टायर दहा टक्के मोठा झाला, तर वेगाचा काटा ५० दाखवीत असता गाडी ५५ ने धावते, आणि जुन्या ब्रेकांवरील भार वाढतो. उलट तोल मात्र निश्चित जातो. या जीपच्या दोन चाकांमधील अंतर सुमारे ४ फूट, त्याचे निम्मे २४ इंच. समजा, गुरुत्वमध्य जमिनीपासून २४ इंचांवर आहे; तर कागदावर गाडी ४५ अंश कलली म्हणजे उलटते. तो ३ इंच वर गेला, की हाच कोन ४२ अंशांच्याही खाली येतो. प्रत्यक्षात कमानी व टायर दबल्याने तो याहूनही कमी भरतो. सापुताऱ्याच्या वळणांवर हे तीन अंश कोणाच्या पदरचे जाणार, ते चालविणाऱ्याने ठरवावे.

आम्ही पुढील कामांचा क्रम असा ठरविला. आधी चिरेची जागा जाणत्या कारागिराकडून कापून, पट्टी जोडून पक्की केली. मग गाडी वजनकाट्यावर नेली. प्रथम केवळ पुढची चाके काट्यावर घेतली, नंतर संपूर्ण गाडी. वजाबाकीने मागचे वजन मिळाले. त्या आकड्यांवरून पुढच्या नव्या कमानी डिझेल एंजिनाच्या भाराप्रमाणे करून घेतल्या. जुन्याच पाट्यांना भट्टीत तापवून बाक देण्याचा स्वस्त सल्ला आम्हाला मिळाला होता. पण पोलादाला पुन्हा नीट पाणी दिले नाही, तर तो पाटा लवकरच बसतो किंवा तुटतो. मागचा जाड पाटा काढला. शॅकल मूळ मापाचे बसविले. बुश बदलले. गॅरेजवाले ज्याला शॉकअप म्हणतात, तो शॉक अब्सॉर्बर सर्वांत शेवटी घेतला. कारण त्याची लांबी कमान पुरती दबलेली व पुरती लोंबलेली असताना मोजून मगच ठरवावी लागते. त्याच वेळी ब्रेकचे रबरी होजही पाहिले. चाक पूर्ण खाली लोंबले, की पुढचा डावा होज तारेसारखा ताणला जात होता. त्यावर आणखी चार इंच चढविले असते, तर एखाद्या उतारावर तो तुटला असता. तो बदलला.

कायद्याचीही आठवण ठेवावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने वाहनाच्या मूळ रचनेत नोंदीशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी पुन्हा करावयाची असते, तेव्हा तपासणीत हे सारे उघडे पडते.

सर्व काम झाल्यावर आम्ही पुन्हा तीच चार मापे घेतली. दोन्ही बाजू समान भरल्या. गाडी पूर्वीपेक्षा उंच झाली नव्हती. मात्र आता ती सरळ उभी होती. भाचा थोडा हिरमुसला, हे मी नाकारीत नाही. पण पहिल्या पावसानंतर सोनगडमार्गे आहव्याला जाऊन आला, तेव्हा म्हणाला, "मामा, येताना हात दुखले नाहीत." मला तेवढे पुरेसे होते.

ती वही अजून गाडीतच आहे. आम्ही केलेले प्रत्येक काम तीत तारखेसह व कारणासह लिहिले आहे. उद्या ही जीप दुसऱ्या कोणाच्या हाती गेली, तर त्याला आमच्यासारखे दोन रविवार गाडीखाली काढावे लागू नयेत. आपणांपैकी ज्यांच्या घरी जुनी गाडी असेल, त्यांनी पैसे खर्च करण्यापूर्वी एक वही जरूर विकत घ्यावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.